गावमंडळाची घटना लिहितोय: अध्यक्ष थेट निवडायचा, की समितीने निवडायचा?

कातळसडा (धागाकर्ता)

मंडळी, एका कामात तुमचा सल्ला हवा आहे.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. सहा वाड्या. त्यातली एक वाडी इतकी मोठी की बाकीच्या पाचांची घरं एकत्र केली तरी तिच्यापेक्षा दोन-चार कमीच भरतील. निम्म्याहून जास्त माणसं मुंबई, ठाणे, विरारकडे. आजवर गावात एक मंडळ आणि मुंबईत एक मंडळ असा कारभार होता. मुंबईचं तेवढं नोंदणी केलेलं. आता दोन्ही मिळून एकच मंडळ करायचं आणि नवी घटना लिहायची असं शिमग्याच्या सभेत ठरलं. आम्हा पाच जणांवर ते काम सोपवलंय आणि कच्चा मसुदा माझ्याकडे आलाय.

जुन्या घटनेची प्रत बघितली. टाइप केलेली तीन पानं. उद्दिष्टं, वर्गणी, वार्षिक सभा एवढंच. 'अध्यक्ष सर्व सभासदांनी पाच वर्षांसाठी निवडावा' हे एक वाक्य. त्याला काढायचं कसं, याबद्दल एक अक्षर नाही. त्याचे परिणाम आम्ही भोगलेत. देवळाच्या सभामंडपाच्या दुरुस्तीच्या हिशोबावरून दुसऱ्याच वर्षी वाद झाला. सभेने नवा अध्यक्ष निवडला, जुन्याने ती सभाच बेकायदा ठरवली. पासबुक आणि पावतीपुस्तकं त्याच्याच घरी राहिली. बँक म्हणाली, सह्या बदलायच्या तर चेंज रिपोर्टची, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची धर्मादाय आयुक्तांकडे दिलेल्या कागदाची, प्रत आणा. खातं चौदा महिने अडकलं. मंडपाचे पत्रे काढून ठेवलेले, ते तसेच. एक अख्खा पावसाळा पालखीच्या ओट्यावर ताडपत्री होती. माझी आजी रोज सकाळी जाऊन ताडपत्रीत साठलेलं पाणी काठीने सांडून यायची.

शेवटी हिशोब लागला. तीन-चार बिलं सोडली तर पैसे जागेवर होते. तो माणूस चोर नव्हता. पण विचारायची सोयच नसल्यामुळे अर्ध्या गावाने त्याला चोर ठरवलं, आणि तो आता गावच्या कुठल्याच कार्याला येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

आता दोन मतं आहेत. तरुणांचं म्हणणं, सगळ्या सज्ञान सभासदांनी अध्यक्ष थेट निवडावा आणि त्याने आपली समिती नेमावी. जुन्यांचं म्हणणं, वाडीवार प्रतिनिधी निवडावेत, त्यांनी अध्यक्ष निवडावा आणि नको झाला तर त्यांनीच काढावा. मला ठरवता येत नाही. जाणकारांनी लिहावं.

शिवथर

थेट निवडा. आमच्या मंडळात समितीने अध्यक्ष निवडायची पद्धत होती. दर वर्षी नवा माणूस, दर वर्षी नवी नाराजी. थेट निवडायला लागलो, समितीही अध्यक्षच नेमायला लागला, तेव्हापासून शाळेची संरक्षक भिंत झाली, स्मशानभूमीची शेड झाली. एकाच माणसाला धरता येतं. समिती म्हटली की 'मी नाही, त्याने केलं' सुरू होतं.

आडवाट

कातळसडा, तुम्ही दोन्ही मतं समोर ठेवलीत ते बरं केलंत, कारण घटना समितीतही असाच प्रश्न मांडला गेला होता.

४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी भारताच्या घटनेचा मसुदा मांडला, त्या भाषणात याची उत्तम फोड आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लोकशाहीतल्या सरकारात दोन गुण हवेत, ते टिकलं पाहिजे आणि ते जबाबदार राहिलं पाहिजे. दोन्ही सारख्या मापाने मिळतील अशी व्यवस्था आजवर कुणाला साधलेली नाही. अमेरिकन पद्धतीत टिकाऊपणा जास्त, कारण अध्यक्ष मुदत संपेपर्यंत जागचा हलत नाही. ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त, कारण तिथे सरकारची झडती रोज होते. प्रश्न विचारून होते, तहकुबी सूचना आणून होते, अविश्वासाच्या ठरावाने होते, आणि शिवाय निवडणुकीत मतदार घेतो ती वेगळीच. मसुद्याने टिकाऊपणापेक्षा जबाबदारीला झुकतं माप दिलं. प्रा. के. टी. शहा यांनी त्याच डिसेंबरात कार्यकारी आणि कायदे करणारी सत्ता पूर्ण वेगळी ठेवावी म्हणून दुरुस्ती आणली. ती नामंजूर झाली.

तुमच्या चौदा महिन्यांना हे माप लावून बघा. तुमच्या जुन्या घटनेत टिकाऊपणा भरपूर होता, झडती मात्र कुठेच नव्हती. अमेरिकेत निदान काँग्रेस पैसे अडवते, महाभियोग आणते. तुमच्याकडे थेट निवडलेला अध्यक्ष होता आणि समोर कुणीच नव्हतं.

पण मला सांगायची गोष्ट यापुढची आहे, आणि तिच्याकडे लोकांचं फारसं लक्ष जात नाही. त्या भाषणाच्या वर्ष-दीड वर्ष आधी, १९४७ मध्ये, आंबेडकरांनी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी एक निवेदन तयार केलं होतं. त्यात त्यांनी ब्रिटिश पद्धत चक्क नको म्हटली होती. कारण असं की इंग्लंडात आजचं बहुमत उद्या अल्पमत होतं, माणसं पक्ष बदलतात, मत बदलतात. इथलं बहुमत जन्माने ठरतं. ते निवडणुकीने बदलत नाही. अशा ठिकाणी 'ज्याचं बहुमत त्याचं सरकार' म्हणजे एकाच समूहाचं कायमचं राज्य. म्हणून त्यांनी सुचवलं की पंतप्रधान एकट्या बहुमतवाल्या पक्षाचा नको, सगळ्या सभागृहाने निवडलेला हवा. मंत्रिमंडळातले अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या अल्पसंख्याकांच्या सदस्यांनी निवडावेत. बहुसंख्य समाजाचे प्रतिनिधी मात्र सगळ्या सभागृहाने निवडावेत, म्हणजे त्यांच्यावर लहानांचाही भरवसा असेल. आणि एकदा बसलेलं सरकार मध्येच पाडता येऊ नये.

तुमची मोठी वाडी म्हणजे नेमकं तेच जन्माने ठरलेलं बहुमत. वाडी काही कुणी मत देऊन बदलत नाही. थेट निवडणूक घेतलीत तर पुढची पन्नास वर्षं अध्यक्ष कुठल्या वाडीचा, हे मतदानाआधीच ठरलेलं असेल. म्हणून थेट की समितीतून, हा प्रश्न दुसरा. आधी तुमच्या गावात भेग कुठे आहे ते बघा.

निवृत्त_ग्रामसेवक

आडवाट यांनी वरचं सांगितलं, मी खालचं सांगतो. एकतीस वर्षं ग्रामपंचायतीचं दप्तर सांभाळलं. हे दोन्ही प्रकार मी टेबलाच्या एकाच बाजूला बसून पाहिलेत.

२०१७ पर्यंत सरपंचाला सदस्य निवडायचे. त्या पद्धतीचा रोग सगळ्यांना माहीत आहे. निवडीच्या आधी आठ दिवस सदस्य सहलीला, फोन बंद. अविश्वासाचा ठराव म्हणजे दरवर्षीचा सण. २०१७ साली थेट निवड आली, २०२० ला काढली, २०२२ ला पुन्हा आणली. पाच वर्षांत तीनदा बदल, यावरूनच कळतं की दोन्हीकडे दुखणं आहे.

थेट निवडीचं दुखणं मी सांगतो. सरपंच एका पॅनेलचा निवडून आला आणि सदस्य दुसऱ्या पॅनेलचे जास्त आले. दोघेही म्हणतात, आम्हाला लोकांनी निवडलंय. दोघंही खरं बोलतात. मासिक सभेचा अजेंडा काढायचा, सरपंच खुर्चीवर, मी प्रोसिडिंग बुक उघडून बसलेला, आणि सदस्य बाहेर वडाच्या पारावर. आत येत नाहीत. तासभर वाट बघून मी लिहायचो: कोरमअभावी सभा तहकूब. एका गावात असं सलग तीन महिने लिहिलं. पाण्याच्या टाकीला झाकण बसवायचा ठराव होता, फक्त झाकणाचा. अविश्वासही सोपा नाही. पहिली दोन वर्षं आणता येत नाही. नंतर तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव केला तरी वर ग्रामसभेचं गुप्त मतदान. म्हणजे माणूस पक्का, पण हात बांधलेला.

शिवथर म्हणतात ते त्यांच्या गावापुरतं खरं असेल, कारण तिथे अध्यक्षाने आपली समिती आपण नेमली. पण मग त्या समितीतलं कोण अध्यक्षाला हिशोब विचारणार?

आडवाट

ग्रामसेवक काका, हाच प्रयोग इस्राएलने देशपातळीवर करून पाहिला. १९९२ ला कायदा केला की पंतप्रधान लोकांनी थेट निवडायचा आणि संसद वेगळ्या मताने. १९९६, १९९९ आणि २००१ ला तशी निवड झाली. लोकांना दोन मतं मिळाली. एक मत मोठ्या माणसाला दिलं आणि दुसरं आपापल्या लहान पक्षाला. संसदेत तुकडे वाढले, पंतप्रधान मात्र त्याच संसदेच्या विश्वासावर अवलंबून. २००१ मध्येच ती पद्धत रद्द केली. थेट निवडलेला माणूस दुसऱ्याच कुणी निवडलेल्या सभागृहाच्या दारात उभा करू नका, एवढं त्यातून घ्यावं.

मांडवीकाठ

मी गोव्याची. आमच्याकडे वाडीच्या प्रश्नाला एक जुनं उत्तर होतं, म्हणून लिहिते.

पोर्तुगीज यायच्या आधीपासून गावाची जमीन 'गावकरी' नावाची संस्था सांभाळायची, पुढे तिलाच कोमुनिदाद म्हणायला लागले. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये तिचे रीतिरिवाज लिहून काढले, तो लेख आजही अभ्यासतात. गावकऱ्यांची मूळ घराणी म्हणजे वांगडं. सभेत डोकी मोजत नसत, वांगडं मोजत. एका वांगडात शंभर माणसं असोत की पाच, त्याचा आवाज एकच. आणि ठराव सगळ्यांच्या एकमताने व्हायचा. बांध, मानस म्हणजे बांधातली पाण्याची दारं, खाजन म्हणजे खाडीकाठच्या शेतीचं पाणी ही कामं अशी की एका वांगडाने अंग काढलं तर सगळ्यांच्या शेतात खारं पाणी. म्हणून एकमताची सक्ती तिथे शोभत होती.

पण तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. गावकर म्हणजे पुरुषाच्या वंशातून आलेला पुरुष. गावात पिढ्यानपिढ्या राबणारे बाकीचे लोक सभेत नव्हते, आम्ही बायका नव्हतो. गट समान केले की गटाच्या आतली माणसं समान होतात असं नाही.

माहेरवाशीण

मांडवीकाठ ताईंच्या शेवटच्या वाक्यासाठीच लिहायला बसले. कातळसडा दादा, तुमच्या मंडळात वर्गणी घराप्रमाणे आहे का? आणि मत?

आमच्या गावात घराला एक पावती आणि घराला एक मत. पावती सासऱ्यांच्या नावाने. वार्षिक सभेला बायका मंडपाच्या मागच्या बाजूला चहा करत असतात आणि ठरावाला हात वर करतात ते पुढच्या रांगेतले. मी मुंबईत नोकरी करते, सभामंडपाला माझ्या पगारातून पैसे दिले, आणि सभेत मला विचारलं गेलं की तुझं मत कुठल्या घराचं? सासरच्या घराचं मत सासऱ्यांनी दिलं, माहेरच्या घराचं भावाने. माझं कुठलंच नव्हतं.

अध्यक्ष कसा निवडायचा ते तुम्ही ठरवाल. पण निवडणार कोण, हे कलम आधी लिहा. गणपतीला आणि शिमग्याला गाव उभं राहतं ते कुणाच्या हातांनी, ते आजीला विचारा. ताडपत्रीवरचं पाणी कोण काढत होतं, ते तुम्हीच लिहिलंय.

कातळसडा

ताई, हो. घराला एक मत आहे. मसुद्यातही मी तेच 'घराला एक मत' उतरवून घेतलं होतं, विचारही न करता. बदलतो. अठरा पूर्ण केलेल्या प्रत्येक व्यक्तीला एक मत, आणि लग्न होऊन गेलेली लेक वर्गणी भरत असेल तर तीसुद्धा मतदार.

पण आता एक नवी भीती. वाड्यांना समान जागा दिल्या तर मोठी वाडी म्हणेल, पैसे आमचे जास्त, माणसं आमची जास्त, आणि आवाज लहान वाडीइतकाच? ती मंडळात राहणारच नाही. पाच लहान वाड्यांपैकी दोन जण तर प्रत्येक वाडीला नकाराधिकार मागताहेत.

आडवाट

नकाराधिकार देऊ नका. निदान सरसकट तरी नाही. सायप्रसचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९६० च्या घटनेत अध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्क, दोघेही आपापल्या समाजाने निवडलेले, आणि संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहारात दोघांनाही नकाराधिकार. कराचा कायदा करायला संसदेत दोन्ही गटांचं वेगवेगळं बहुमत हवं. कागदावर लहानांचं पूर्ण संरक्षण. पण करांवर आणि नगरपालिकांवर सगळं अडून बसलं, १९६३ च्या नोव्हेंबरात अध्यक्षांनी घटनेत तेरा बदल सुचवले, आणि डिसेंबरात रस्त्यावर रक्त सांडलं. शिवाय प्रत्येक जण फक्त आपल्याच समाजाच्या मतांवर निवडून येणार, मग दुसऱ्या समाजाशी गोड बोलायची गरजच कुणाला? माझ्या मते खरी चूक ती होती.

१९४७ च्या निवेदनातला मुद्दा इथे पुन्हा कामाला येतो: मोठ्या गटाचा माणूस लहानांच्याही मताने निवडला जावा. तुमचा अध्यक्ष मोठ्या वाडीचा असायला हरकत नाही. फक्त बाकीच्या दोन-तीन वाड्यांची मतं मिळाल्याशिवाय तो होता कामा नये.

आणि स्वित्झर्लंडकडेही बघा. १८४८ पासून तिथे सात जणांचं मंडळ देश चालवतं. संसद त्यांना चार वर्षांसाठी निवडते, मध्येच पाडत नाही. राष्ट्राध्यक्षपद सातांत दर वर्षी फिरतं. खुर्चीला फार वजनच ठेवलेलं नाही, त्यामुळे तिच्यासाठी भांडणही कमी.

माणदेशी

आमच्या आटपाडीचा उल्लेख कुणीच केला नाही, म्हणून लिहितो. एका लहान समाजाने आपली घटना लिहिली, याचं जवळचं उदाहरण औंध संस्थान.

१९३८ च्या नोव्हेंबरात तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जाहीर केलं की सत्ता लोकांच्या हाती देणार. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनिअर सेवाग्रामला गांधीजींकडे गेले, सल्लामसलत झाली, आणि जानेवारी १९३९ मध्ये राजाने घटनेवर सही केली. संस्थान ७२ गावांचं, तेही एका तुकड्यात नाही. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, गुणदाळ पार विजापूरकडे. तुमच्या मुंबई-विरार-गावासारखंच विखुरलेलं.

त्यांनी शिखरापासून सुरुवात केली नाही. गावाने पाच पंच निवडायचे. गावपंचायतींचे अध्यक्ष मिळून तालुक्याची सभा, आणि तालुका सभेतून वरच्या विधिमंडळावर माणसं. महसुलाचा मोठा वाटा खालीच ठेवला. किरकोळ तंटे गावातच मिटवायचे. माझ्या आजोबांच्या तोंडी 'पंचायतीत मिटलं' हा शब्दप्रयोग शेवटपर्यंत होता. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं आणि प्रयोग थांबला.

आंबेडकरांनी त्याच वर्षी घटना समितीत गावगाड्याबद्दल कडक शब्द वापरले होते, तेही मला खरे वाटतात. गावात जातीचं ओझं होतंच, आजही आहे. पण औंधचा एक धडा घेण्यासारखा आहे: जे काम वाडीत होण्यासारखं आहे ते मंडळाकडे नेऊच नका. तुमच्या वाडीच्या पाणवठ्याचा, पाखाडीचा पैसा आणि निर्णय वाडीकडेच ठेवा. मग मंडळाच्या खुर्चीवरून भांडण्यासारखं उरतंच किती? नकाराधिकार मागणाऱ्या त्या दोघांना नेमकी भीती कशाची आहे ते विचारा. बहुतेक पाण्याची असेल.

कातळसडा

माणदेशी, पाण्याचीच निघाली. आज दोघांनाही फोन केला. एका वाडीच्या विहिरीवर मंडळाने पंप बसवून मोठ्या वाडीला पाणी न्यावं असा ठराव सहा वर्षांपूर्वी झाला होता. अमलात आला नाही, पण धसका राहिलाय.

तर मसुदा आता असा लिहिलाय. समिती अकरा जणांची. प्रत्येक वाडीने आपला एक निवडायचा, असे सहा. उरलेले पाच सगळ्या मतदारांनी मिळून, त्यात किमान तीन स्त्रिया आणि किमान दोन जण कायम गावात राहणारे. अध्यक्ष समितीने निवडायचा, पण वाडीवार निवडलेल्या सहांपैकी किमान चौघांची मतं त्याला हवीत. मुदत दोन वर्षं, लागोपाठ दुसऱ्यांदा नाही. खजिनदार अध्यक्षाच्या वाडीचा नको, पासबुक आणि पावतीपुस्तकं त्याच्याकडे. दर तीन महिन्यांनी जमाखर्च देवळाच्या फळ्यावर आणि ग्रुपवर. वाडीचा पाणवठा, पाखाडी, वाडीची जागा याबद्दल त्या वाडीच्या सभेच्या संमतीशिवाय मंडळाने ठराव करायचा नाही. बाकी कशालाही नकाराधिकार नाही.

काढण्याचं कलम अजून कोरं आहे.

आडवाट

त्यासाठी जर्मनीच्या १९४९ च्या घटनेतली तरतूद घ्या. तिथे चान्सलरला नुसतं पाडता येत नाही. पाडायचं तर त्याच ठरावात नवा माणूस बहुमताने निवडावा लागतो. १९८२ ला श्मिट गेले आणि कोल आले ते असेच. नुसत्या रागाने एकत्र आलेले लोक नव्या नावावर एकत्र येतातच असं नाही, म्हणून उगीच कुणी पडत नाही. आणि खुर्ची एक दिवसही रिकामी राहत नाही, म्हणजे बँकेला सांगायला नाव तयार.

निवृत्त_ग्रामसेवक

त्यात माझी एक भर. काढण्याच्या सभेची नोटीस पंधरा दिवस आधी, लेखी, कारणासह. आणि ज्याला काढायचं त्याला उत्तर द्यायला वेळ, ते उत्तर प्रोसिडिंगमध्ये शब्दशः घ्यायचं. सभा कुणी बोलवायची तेही लिहा, कारण अध्यक्ष स्वतःविरुद्धची सभा बोलावत नाही. चार समिती सदस्यांनी सही केली की सचिवाने सात दिवसांत नोटीस काढायची, नाही काढली तर त्या चौघांनी. नवा माणूस आला की चेंज रिपोर्ट नव्वद दिवसांच्या आत.

शिवथर

मी वर थेट निवडा म्हणालो होतो. आमच्या गावात एकच वाडी आहे, हे मी लिहिलंच नव्हतं. तुमच्यासाठी हा मसुदा बरा वाटतो.

फक्त मंजुरीची सभा मुंबईत घेऊ नका. गणपतीत पाचव्या दिवसापर्यंत सगळे गावात असतात, तेव्हा देवळात घ्या. प्रत आधी महिनाभर प्रत्येक वाडीत एकेका घरी ठेवा.

कातळसडा

तसंच करतो. काढण्याचं कलम तुम्हा दोघांच्या शब्दांत लिहून घेतलं. जुन्या अध्यक्षांच्या घरी प्रत घेऊन मी स्वतः जाणार आहे, डाकेने पाठवणार नाही. सभामंडपाचे पत्रे बसलेत, सभा तिथेच होईल. चहाचं काम या वेळी आम्ही मुलगे करू, असं आज सकाळी आजीला सांगितलं.